पत्रिकेतलं बी.ए.

घरातली एक पोरगी कॉलेजला जायला लागली की सांगण्यासारखं आपोआप साठत जातं. मुद्दाम जपून ठेवावं लागत नाही. भाकरी थापताना एक आठवतं, लेकीला न्हाऊ घालताना दुसरं, आणि दर वेळी माझं डोकं नव्यानं तापतं! मंगल, माझी धाकटी नणंद, बी.ए.ला होती, समाजशास्त्र घेऊन. तिच्या त्या डिग्रीची किंमत करायला जो उठेल तो यायचा. कॉलेजची परीक्षा वर्षातनं एकदा, आमच्या ओट्यावरची रोज!

मी स्वतः सातवी. मला त्यातलं फार कळतं असं नाही. पण राग यायला सातवी पुरते.

राहू गावातल्या आमच्या घरात शेवटचा शब्द मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शिक. पण चांगलं स्थळ आलं की कॉलेज बंद."

तेव्हा माझी पूजा मांडीवर होती, दात येत होते म्हणून किरकिर करत होती. मामा बोलत होते मंगलशी, पण मी बघत होते पूजाकडं. आज आत्याचं कॉलेज बंद होणार असेल, तर उद्या या भाचीचं कोण चालू ठेवणार?

* * *

कॉलेज लहानसंच. चार खोल्या, एक व्हरांडा आणि पत्र्याचं सायकल स्टँड. मंगलला मराठी घ्यायचं होतं. मामा तिच्याबरोबर गेले होते. तिथला क्लार्क म्हणाला, "मराठीचे सर सोडून गेले. भूगोल घेतला तर पोरगी पाचला सुटंल. समाजशास्त्र घ्या आबा, साडेबाराला मोकळी!"

मामा एकदम खूश. घरी येऊन आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, सांगतात कसे, "लई चांगला विषय हाय. दुपारचं गवत कापायचं चुकत न्हाई!"

म्हणजे पोरीला काय येतं, काय आवडतं, हे कुणी विचारलंच नाही. कुठला विषय गवताच्या वेळेला घरी सोडतो तेवढं बघितलं!

* * *

आमच्या भावकीतले एक आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. एकदा त्यांनी मंगलला धरलं. "काय गं, समाजशास्त्र म्हंजी काय असतं?"

मंगल गरीब स्वभावाची. नीट सांगायला लागली, "आप्पा, माणसं एकमेकांत कशी राहत्यात, का राहत्यात, त्याचा अभ्यास असतो."

आप्पा हसले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगं, मग त्याला वडापच्या जीपचं भाडं कशाला घालवायचं? इथं आम्ही राहतोयच की एकमेकांत!"

सगळा ओटा हसला. मला मात्र आत चुलीपुढं हसावं का रडावं कळेना. हे बोलणारे आप्पा बांधाच्या भांडणावरनं सख्ख्या भावाशी बोलत नव्हते, ते माझं लग्न होऊन यायच्या आधीपासनं!

* * *

दुसऱ्या वर्षी त्यांना एक धडा होता, भटक्या मेंढपाळांवर. सरांनी भर वर्गात मंगलला उभं केलं. "ही बघा, ही त्याच समाजातली. सांग बाळ, तुम्ही कुठं कुठं भटकता?"

मंगल म्हणाली, "सर, मी राहूवरनं इथं येते. वडाप बंद असलं की येत न्हाई."

पोरी हसल्या. सर चिडले आणि पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला लागले. पुस्तकात आम्ही पाठीवर संसार घेऊन निघालेलो होतो. घरी येऊन मंगल ते सांगता सांगता रडली. खरं तर आमच्याकडं मेंढरं होती ती मामांच्या वडिलांच्या काळात. आता दारात ऊस आहे, विहिरीवर मोटर आहे.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. तंबाखू मळून झाल्यावर म्हणाले, "पुस्तकात आपण अजून चालतोयच व्हय? त्या सरांना सांग, लिवणाऱ्याला कळवा म्हणावं, पोचलो!"

त्या दिवशी मामांचा मला राग आला नाही. असे दिवस थोडे.

* * *

आमचे हे तेव्हा कारेगावला कंपनीत होते, आठवड्यातनं एकदा घरी यायचे. मंगलच्या एक वर्ष पुढं सुरेखा नावाची मुलगी होती. समाजशास्त्रातच पास झाली होती, तीही चांगल्या मार्कांनी. मंगलनं गळ घातली म्हणून ह्यांनी तिला पॅकिंगच्या कामासाठी कंत्राटदाराकडं नेलं.

तो परमुलखातला. त्यानं सर्टिफिकेट उलटं-पालटं करून बघितलं आणि विचारलं, "समाजशास्त्र? इसमें बनता क्या है?"

सुरेखाच म्हणाली, "कुछ बनता नहीं, समझता है."

त्यानं सर्टिफिकेट परत दिलं. "समझनेवाली नहीं चाहिए. दसवीं फेल भेजो!"

आमचे हे घरी जेवताना पोट धरून हसत सांगत होते. मी तेव्हा भाकरी अशी काही थापली, की शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडनं विचारलं, "काय पडलं गं?"

* * *

तिसऱ्या वर्षाला वर्गात सगळ्या मिळून सात मुली. दिवाळीनंतर सरांनी फळ्यावर लिहिलं, 'मुलींचे शिक्षण अर्धवट का राहते?' यावर शुक्रवारी मोठं लेक्चर होणार होतं. बाहेरनं पाहुणे बोलावले होते.

शुक्रवारी मंगल वडापमधनं उतरली ती दहा वाजताच, घरी. मी घाबरले. तेव्हा कुठं मोबाईल होते! वाटलं पोरीला बरं नाही, नाहीतर कुणी छेड काढली.

"काय झालं गं?"

"लेक्चर रद्द झालं, वहिनी. शोभाचं लग्न हाय आज. सगळ्या पोरी निघाल्यात. मी साडी बदलायला आले."

ही शोभा त्या सातांतलीच एक. परीक्षेला चार महिने उरलेले असताना तिला कॉलेजातनं काढली होती.

"आन् सर? पाहुणे?"

"ते तर म्होरंच गेले. सरांनी पाहुण्यांनाबी नेलं. बुंदी चांगली असती म्हणाले त्यांच्यात!"

लग्नाची पत्रिका मंगलनं मला दाखवली. लाल अक्षरात छापलं होतं, चि. सौ. कां. शोभा, आणि पुढं कंसात बी.ए.! मी दोनदा वाचलं. पोरगी वर्गातनं उठवली आणि पत्रिकेत पास केली! पूजा ती पत्रिका फाडायला लागली. मी फाडू दिली.

* * *

संक्रांतीनंतर सरांनी काम दिलं, दहा घरी जाऊन प्रश्न विचारायचे. मंगलनं आपल्याच घरापासनं सुरुवात केली. मामांसमोर बसून तिनं विचारलं, "घरात निर्णय कोण घेतं?"

"सगळे मिळून," मामा म्हणाले.

मी दारात उभी होते. मंगल माझ्याकडं वळली. "वहिनी, तुला काय वाटतं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "तिलाबी तसंच वाटतं. चहा ठेव गं!"

मी चहा ठेवला. मंगलनं सरांना जसंच्या तसं सांगितलं, तिला वाटलं त्यांना तरी कळेल. सर म्हणाले, "वा! आदर्श कुटुंब!"

* * *

आणि मग वरवंडचं स्थळ आलं. मुलाचं खताचं दुकान, रोडला घर. मामा दोन दिवस आधीपासनं हवेत. परीक्षा तोंडावर आलेली, मंगल रात्रीची भिंतीकडं तोंड करून झोपायची, आणि मी पूजाला थोपटत जागी.

बघायला पाचजण आले. पुरुष सतरंजीवर. मुलाची आई दाराशी, अर्धी आत अर्धी बाहेर, हातात पोह्यांची बशी. मंगल पाटावर.

मुलाचे वडील मामांना म्हणाले, "पंधरा दिवसांत उरकून टाकू."

मामा जरा चाचरले. "परीक्षा हाय तिची एप्रिलात..."

"परीक्षा कशाला द्यायला पायजे? पत्रिकेत बी.ए. छापू की! कोण इचारतंय?"

मामा हसले, मान डोलवली. मी हातातला तांब्या खाली ठेवला. संपलं, वाटलं.

मुलाचे वडील मग सहज म्हणून मंगलकडं वळले. "तरी काय शिकवत्यात गं? समाजशास्त्र म्हंजी काय?"

मंगलनं पहिल्यांदा मान वर केली. "करून दाखवते. तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?"

मामांचा चेहरा उतरला. पण पाहुण्यांना मजा वाटली. "आमच्यात? सगळे मिळून!"

मंगल दाराकडं, मुलाच्या आईकडं वळली. "आत्या, तुम्हाला काय वाटतं?"

"तिलाबी तसंच..." मुलाचे वडील बोलायला लागले.

"थांबा," बाईंनी बशी खाली ठेवली. "मला इचारलंय तिनं."

बाई मंगलकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परीक्षा एप्रिलात ना? दे. निकाल लागू दे. मग छापू काय छापायचं ते."

आणि नवऱ्याकडं न बघता पुढं म्हणाल्या, "माझ्याबी पत्रिकेत यांनी मॅट्रिक छापलं होतं!"

मुलाचे वडील सतरंजीची दशी ओढत बसले. मामा माझ्याकडं वळले, घसा साफ केला आणि म्हणाले, "चहा... चहा ठेवायचा का गं? तुला काय वाटतं?"

मी पूजाला कडेवर घेतलं आणि म्हटलं, "ठेवते की, मामा. तोवर तुम्ही मंगलला इचारा, मुलगा पसंत हाय का!"