हवेचा स्क्रू, पाव फेरा

टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते, तसे चार म्हाताऱ्यांच्या टोळक्यात किस्से साचतात. अधूनमधून ठोकून बाहेर काढले नाहीत, तर इंजिन गुदमरतं. बुलढाण्यातलं आमचं टोळकं रोज सकाळी वसंतराव इंगळ्यांच्या अंगणात, त्यांच्या जुन्या स्कूटरभोवती बसतं. चहा वहिनींचा, अक्कल आमची. त्यामुळे चहा तरी चांगला असतो!

*

वसंतराव पाटबंधारे खात्यातले. जन्मभर पाणी हळूहळू सोडलं, त्याचा सूड म्हणून की काय, निवृत्त होताच त्यांनी लग्नातली स्कूटर वेगवान करून घेतली. सिलिंडर बोअर केला, मोठा कार्बोरेटर बसवला. सायलेन्सर तर असा लावला की गल्लीतल्या कुत्र्यांनी गल्ली बदलली.

खामगावच्या रस्त्यावर गाडी ट्रॅव्हल्सला मागे टाकायची. पण वेग कमी केला की खोकायची, ढेकर द्यायची आणि शेवटी एक उडी मारून बंद पडायची.

बबन मिस्त्री एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, तुमची गाडी पळाले राजी हाये, चालाले नाही!"

*

शेजारचे एक आजोबा गेले. वसंतरावांचे गुडघे दुखतात, म्हणून ते अंत्ययात्रेत स्कूटरवर, सगळ्यांच्या मागे. आता अंत्ययात्रेला काही ओव्हरटेक करता येत नाही. तो वेग गाडीला सोसवेना. चौकात तिने असा बार काढला की खांदेकऱ्यांनी तिरडी खाली टेकवली आणि चौघे चार दिशांना!

आमच्यातले तायडे दवाखान्यात कंपाउंडर होते. ते शांतपणे म्हणाले, "चला, बरं झालं. एकटा तोच नाही दचकला. आता डॉक्टरच्या दाखल्याची गरज नाही!"

*

याच तायड्यांनी मग स्कूटरचीही तपासणी केली. टाकीवर हात ठेवला, डोळे मिटले.

"हिले गॅस झाला."

"गॅस?" वसंतराव.

"मोठा कार्बोरेटर बसवला न बे तू! पोट लहान, तोंड मोठं. हळू चालताना जास्त खाते, अन् पचत नाही."

गंमत म्हणजे बबननेही नंतर तेच सांगितलं. कमी वेगात पेट्रोल जास्त होतंय आणि हवा कमी. फक्त त्याने ओवा सुचवला नाही.

*

पण गोष्ट हसण्यावारी राहिली नाही. आठवडी बाजारात वहिनी मागे बसल्या होत्या. वांग्यांच्या ढिगाजवळ वसंतरावांनी वेग कमी केला, आणि गाडीने उडी मारली. थेट वांग्यांत!

विकणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, हातानं निवडून घेतेत लोकं. चाकानं कोणी निवडत नाही!"

चेंगरलेली सगळी वांगी घरी आली. भाजी, भरीत, पुन्हा भाजी. वसंतराव ताटाकडे बघून सुस्कारा टाकू लागले, तेव्हा वहिनींनी निकाल दिला.

"पुढच्या बाजारी मले एकही हिसका न देता अख्खा बाजार फिरवून आणा. नाही तं हे धूड भंगारात!"

वसंतरावांचा चेहरा पडला. याच स्कूटरवर त्यांनी वहिनींना मेहकरहून लग्न करून आणलं होतं. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. घरात अजून वांगी शिल्लक होती.

*

बबनने गाडी खोलली. कमी वेगात पेट्रोल सोडणारा स्लो जेट बदलला, कार्बोरेटरखालून हवा ओढत होती तिथलं पॅकिंग नवं घातलं आणि पेट्रोलात हवा किती मिसळायची ते ठरवणारा हवेचा स्क्रू कानाने ऐकत ऐकत बसवला. संध्याकाळी गाडी मांजरीसारखी घुरघुरत होती. वसंतरावांच्या डोळ्यांत पाणी!

सकाळी पुन्हा खोकला.

बबनने पुन्हा जुळवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. बबन म्हणाला, "काका, हे मशीनचं काम नाही. हिले कोणाची तरी नजर लागून राह्यली."

*

नजर नव्हती, हात होते! खिडकीशी शिवणयंत्रावर बसून वहिनींनी सगळं पाहिलं होतं. वसंतराव चहाचे कप आणायला आत गेले की आमच्यातले देशमुख गुरुजी खिशातला पेनाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढत, झाकण सरकवत आणि हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवत. ते उठले की तायडे. "गुरुजींनं लई आवळला," असं पुटपुटत उलटा पाव फेरा.

यात माझंही नाव घेतलं जातं. मी कारकून माणूस. दोघांच्या मतांची सरासरी काढून स्क्रू मधोमध आणून ठेवायचो, एवढंच.

*

बाजाराच्या आदल्या दिवशी वहिनींनी बबनला बोलावून घेतलं. दुसऱ्या सकाळी स्कूटरच्या झाकणाला कुलूप आणि हँडलखाली एक नवा, चकचकीत स्क्रू.

"हवेचा स्क्रू बाहेर आणला," बबन म्हणाला. "ज्याले फिरवाचा त्यानं हाच फिरवा."

गुरुजींनी पाव फेरा दिला, कान लावला. "फरक पडला!" तायड्यांनी उलटा दिला. "आता खरा पडला!" मी मध्यावर आणला.

वहिनी मांडीवर दह्याचं उघडं पातेलं घेऊन मागे बसल्या. "सांडलं तं भंगार," म्हणाल्या.

आम्ही फाटकाशी उभे. वसंतरावांचे ओठ हलत होते. कोणत्या देवाला साकडं घालत होते, कळलं नाही.

दोघं परत आली तेव्हा गाडी दाव्याला धरलेल्या शेळीसारखी येत होती. टुक, टुक, टुक. वांगीवालीने तर यांना बघताच सगळा ढीग पदराखाली झाकला होता म्हणे. पातेल्यातलं दही जसंच्या तसं! वसंतराव गाडी बंद करायलाही तयार नव्हते. तिचा आवाज ऐकत तसेच बसून राहिले.

"माहा पाव फेरा!" गुरुजी ओरडले.

"तुमच्या फेऱ्यानं तं बिघडली होती बे!" तायडे.

"मध्यावर कोणी आणली?" मी.

भांडण रंगात आलं. वहिनी दही आत ठेवून आल्या. वाकल्या, चालू गाडीचा तो चकचकीत स्क्रू चिमटीत धरून गरागरा फिरवला आणि काढून घेतला.

"झालं न तुमचं? कालपासून माही शिलाई मशीन बंद हाये याच्यापायी."

आणि स्क्रू पदराला पुसत त्या आत गेल्या.

गाडी चालूच होती. टुक, टुक, टुक.