भोग्याच्या घरात आषाढ

आमच्या काळी बंगळुरात घर तीन तऱ्हांनी मिळायचं: बापाकडून, सासऱ्याकडून, नाहीतर भोग्यावर. पहिल्या दोघांनी हात वर केले, म्हणून मी तिसऱ्या तऱ्हेला लागलो. भोग्य म्हणजे घरमालकाला एकदम गठ्ठा रक्कम द्यायची. मग भाडं नाही, व्याज नाही, घर सोडताना तीच रक्कम परत. कागदावर याहून देखणा व्यवहार जगात नसेल. गोम एवढीच, की मालक ते पैसे केव्हाच खर्चून बसतो, आणि ते परत मिळेपर्यंत तुम्ही घरातून पाय काढायचा नसतो. रिकाम्या घराला एकदा त्याचं कुलूप लागलं, की तुमचे नातू कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

बायकोचं माहेरचं सोनं मोडून मी चार हजार दिले आणि मल्लेश्वरमच्या एका वठारात दीड खोली घेतली. वठार म्हणजे एका अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं आणि एक नळ. दीडातली अर्धी खोली इतकी अर्धी होती, की तिच्यात वळायचं तर आधी बाहेर येऊन वळावं लागे. मालक आमच्यासारखाच, तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर खाली उतरलेल्या घराण्यातला. आम्हा दोघांचं मराठी ऐकलं असतं तर पुण्याचा माणूस हसून हसून इस्पितळात गेला असता.

माझे चार हजार त्याने वरच्या मजल्यात घातले. भिंती खांद्यापर्यंत आल्या आणि देशच खाली बसला. लढाई, दुष्काळ, वर रुपया घसरला. दिल्लीने पंचवार्षिक योजनेलाही सुट्टी दिली. सिमेंट परमिटवर, आणि परमिट देवाच्या हातात. आमचा जिना वर जाऊन सरळ आभाळात संपत होता. पावसाळ्यात त्या बिनछपराच्या मजल्यावर तळं साचे. त्यात मासे होते असं मी म्हणत नाही, पण बगळा मी या डोळ्यांनी पाहिलाय. ते तळं रात्रंदिवस आमच्या अंथरुणात उतरत असे. सोडून जावं म्हटलं तर पैसे वरच्या भिंतींत.

मी सरकारी बांधकामांचे नकाशे गिरवणारा ट्रेसर. सरकारने बांधणंच थांबवलं, तेव्हा मी पेन्सिलींना टोक काढत बसलो. त्या दोन-तीन वर्षांत माझ्या हातून एक अख्खं जंगल टोक होऊन गळालं.

मग कधीतरी सरकारने मूठ उघडली. कारखाने वाढले, निपाणीपासून नागरकोइलपर्यंतची माणसं आली, आणि घरमालक कोंबडीच्या खुराड्यालाही भोग्य मागू लागले. आमच्या खात्याच्या रखडलेल्या क्वार्टर्स पुऱ्या झाल्या. त्यांत एक माझ्या नावावर निघाली. तिचा नकाशा मीच गिरवलेला. न्हाणीची मोरी कुठे आहे हे मला अंधारात सांगता आलं असतं. अट एकच: अमुक शनिवारपर्यंत ज्याच्या नावावर क्वार्टर, तो माणूस स्वतः तिथे राहताना ओव्हरसियरला दिसला पाहिजे. नाहीतर यादीतल्या पुढच्याला.

मी मालकाकडे धावलो. "अण्णा, आमचे पैसे?"

"स्वल्प थांबा की. नवा माणूस येऊ दे. त्याचे घेतो, तुमचे देतो."

"मग आणा!"

"आणतो. पण परवापासून आषाढ. आषाढात बिऱ्हाड कोण हलवतो?"

आषाढात आमच्यात कोणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. पण त्याआधी तिथे दूध उतू घालवलं असेल, तर प्रवेश झाला असं धरतात. बायकोने दुसऱ्याच दिवशी स्टोव्ह आणि पातेलं घेऊन मला बसमध्ये कोंबलं. क्वार्टरमध्ये दूध चांगलं भळभळून उतू गेलं. इथवर सगळं ठीक. पण आनंदाच्या भरात तिने त्याच दुधाची खीर केली आणि वठारभर वाटली. मालकाच्या घरी तर मोठी वाटी.

सकाळी मालक नवं कुलूप घेऊन दारात. "दूध उतू गेलं म्हणे?"

"गेलं की."

"सरी, ठीक. मग तुमचं बिऱ्हाड तिकडे गेलं. हे घर आता रिकामं."

दूध खरं धरावं तर आम्ही घर सोडलेलं. खोटं धरावं तर आषाढात प्रवेश करणारे पापी. एवढा बिनतोड मुद्दा मी त्यानंतर वकिलाच्याही तोंडून ऐकला नाही.

म्हणून बायको-मुलं तिकडे गेली आणि मी रिकाम्या दीड खोलीत ताबा धरून बसलो. कचेरीत पोटदुखीचा अर्ज. अंगणातल्या संडासाला जायचं तर शेजारच्या अक्काला उंबऱ्यावर बसवून. समोर जिन्याच्या पायरीवर मालक, मांडीवर कुलूप. सहा दिवस आम्ही एकमेकांकडे असे बघत होतो, की लांबून कुणी म्हणालं असतं, लग्न ठरतंय.

शुक्रवारी बायको डबा घेऊन खिडकीशी आली. "अहो, ओव्हरसियर रोज संध्याकाळी येतो. मी सांगते, न्हाणीत आहेत. आत जाऊन पाणी ओतून आवाज काढते."

"मग?"

"आज म्हणाला, तीन दिवस आंघोळ करतोय, माणूस आहे की मासा? उद्या बाहेर दिसला नाही तर नाव काटणार."

"मी निघालो तर तुझं सोनं बुडेल."

"राहिलात तर घर बुडेल." ती गजांना धरून उभी राहिली. "पाणी ओतून माझे हात गळाले हो."

शनिवारी सकाळी मालक एका तरुण जोडप्याला घेऊन आला. निपाणीकडचं. कारखान्यात नवी नोकरी, दोन महिने लॉजमध्ये. मुलगा म्हणाला, "आषाढ लॉजवाल्याला सांगा, तो बिल थांबवतोय का बघू." मालकाने सात हजार सांगितले, त्याने हूं की चूं केलं नाही. सगळा आठवडा ऊन होतं. छत कोरडं ठणठणीत, मालकाने कालच चुना मारून घेतलेलं. त्याची बायको आत येऊन चूल कुठे मांडायची ते बघू लागली.

"दादा," मुलगा मला म्हणाला, "तुम्ही राहिलाय इथं. खरं सांगा. घर कसं आहे? गळत नाही ना?"

मालक माझ्याकडे बघत होता. बगळ्याची गोष्ट मी वठारात प्रत्येकाला दहादा ऐकवली होती. आयुष्यभर मी टीचभर गोष्टीची वावभर केली. त्या दिवशी अख्खं तळं एका शब्दात बुजवलं.

"नाही," मी म्हणालो. "वरचा मजला तर दिवाळीला पुरा. सिमेंट आता मिळतंच."

मुलाने हात जोडले. त्याच्या नोटांतून माझे चार हजार वेगळे झाले, आणि मी बसच्या दिशेने असा सुटलो की संध्याकाळी ओव्हरसियरच्या आधी मीच व्हरांड्यात उभा होतो. त्याने माझं तोंड वरखाली न्याहाळलं आणि वहीत खूण केली.

आठव्या दिवशी पावसाने झोड उठवली. क्वार्टरचं छत ठणठणीत. बायको म्हणाली, "झोपा की." मी उठून बसलो होतो. पुढे बरीच वर्षं मल्लेश्वरमला बाजारहाट करायची तर मी वठाराची गल्ली टाळून दोन क्रॉस, म्हणजे दोन आडरस्ते, लांबून जायचो, आणि बायकोला सांगायचो, तिकडची भाजी ताजी असते.