ड्राइव्हवरचं कुंकू

आमच्याकडे मारामारी झाली की माणसाच्या डोक्यानंतर कॅमेऱ्याचा डबा फुटतो. कोल्हारला दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, खताच्या दुकानात तेच झालं. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं आणि चुलतभावाने दादाच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला. जाताना कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारी ड्राइव्ह, म्हणजे तो डबा, उपसून फरशीवर आपटली, वरून दांड्याने ठेचली. मी पोचले तेव्हा युरियाच्या गोण्यांवर रक्त होतं आणि लाल झालेले ड्राइव्हचे तुकडे पायाखाली येत होते.

दादाला दवाखान्यात नेलं, चुलतभावाला पोलिसांनी उचललं. खुनाचा प्रयत्न. “आधी त्यानं मारलं,” असं तो बोंबलून सांगत होता, पण फोडणाऱ्याचं ऐकतो कोण? मला तर त्याचे हात मोडावेसे वाटत होते. त्याच हाताला मी लहानपणापासून राखी बांधत आले होते.

मी राहुरीत कॉम्प्युटर शिकवते. दुकानातला लिनक्सचा कॉम्प्युटर मीच बसवलेला. त्यात रिवाज असा, की कायमच्या ड्राइव्हला ‘एमएनटी’खाली मशीनवरच एक रिकामा फोल्डर नेमून द्यायचा, आणि येताजाता लावलेली पेनड्राइव्ह ‘मीडिया’खाली आपोआप उघडते. कायमची ड्राइव्ह काढून परत लावली, तर तीही पाहुण्यासारखी मीडियात जाऊन बसते. नेमलेल्या फोल्डरात आणायला माझी कमांड लागते, आणि कॅमेरे मात्र रेकॉर्डिंग त्याच फोल्डरात टाकत राहतात. म्हणून दादाला बजावलं होतं, हिला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी मशीन चालू केलं. ड्राइव्ह फुटली, म्हणजे रिकामा दिसायला हवा तो फोल्डर गच्च भरलेला. मग डोक्यात प्रकाश पडला. खंडेनवमीला दादाने सगळं बंद करून काटा, फवारणीचा पंप, कोयता यांच्या ओळीत ड्राइव्हही काढून पूजेला मांडली होती, आणि परत लावल्यावर ती मीडियात जाऊन बसली होती. तेव्हापासूनचं सगळं रेकॉर्डिंग तिच्याऐवजी मशीनच्या पोटातच साठत होतं. पायाखालचे तुकडे उचलून पाहिले. काहींवरचा लाल रंग कुंकवाचा होता.

मी व्हिडिओ लावला. दादाने काट्यावरचं लोखंडी वजन उचललं आणि चुलतभावाच्या बरगडीत हाणलं. पुन्हा हाणलं. तो पडला तरी लाथा चालूच. मग तो कसाबसा उठला आणि हाताला लागलेला दांडा त्याने फिरवला.

दवाखान्यात दादाने विचारलं, “गावलं का काय?”

“गावलं. आधी तू मारलंयस.”

त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. “पुसून टाक. तू माझी बहीन हायेस.”

“त्याचीबी हाये.”

त्याने माझं मनगट धरून असं पिरगाळलं की बांगड्या फुटून हातात घुसल्या. मी दुसऱ्या हाताने त्याच्या कानाखाली ओढली. टाके दुसऱ्या बाजूला होते, एवढीच दया केली. तशाच रक्ताळल्या हाताने दुकानात येऊन पेनड्राइव्ह भरली आणि चौकीत नेऊन दिली.

जामिनावर सुटल्यावर चुलतभाऊ तडक माझ्याकडे आला. छाती पट्ट्यांनी आवळलेली. “ताई, म्या तर फोडला हुता ना त्यो डबा,” म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

दादाने माझं तोंड बघणं सोडलं. या वर्षी मी एकच राखी आणली.