अंगणात राहिलेलं पाखं

आमचं घर लाकडाचं अन् गवताचं. आसेगावच्या वाटेला, गावाच्या पार शेवटी. सागाच्या मेढी, म्हणजे वर बेचकं असलेले खांब. त्यावर आडवी लाकडं. भिंती तुराट्यांच्या, माती-शेणानं लिंपलेल्या. लाकडाला अजून काही झालेलं नाही, पण वरचं गवत ह्या उन्हाळ्यात हात लावला की भुगा व्हायला लागलं.

पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, टिनं टाका. पण आमच्या बुढ्याचा, म्हणजे पोराच्या बापाचा, टिनाखाली जीव घाबरतो. त्यानं आपलं गवत कापून आणलं.

आता हे काम कसं होतं ते सांगते, कारण नव्या लोकांनी पाहिलेलं नसतं. छप्पर वर चढून बांधत नाहीत. अंगणात जमिनीवर बांबूचा सांगाडा करायचा, त्यावर गवताच्या पेंढ्या थराथरानं बांधायच्या. छपराच्या एका उताराएवढं जे तयार होतं ते पाखं. मग गावानं मिळून ते उचलायचं अन् मेढींवर ठेवायचं. त्याची मजुरी कोणी घेत नाही. आदल्या दिवशी दारोदार जाऊन हात लावायला या एवढं सांगायचं, अन् काम झालं की चहा अन् गूळ.

बुढा पाखं बांधत होता, मी पेंढ्या करून देत होते. चांगलं जाड बांधलं त्यानं. मी म्हटलं, एवढं जड करून राह्यले, उचलनार कोन? तर म्हणे, "गाव कायले हाये?"

गाव आहे हो, पण गावात माणूस कुठं आहे. कोणी पुण्याच्या कंपनीत, कोणी वीटभट्टीवर, अन् ऊसतोडीला गेलेले काही परत आलेच नाहीत. बुढा दारोदार फिरला. कुलूप दिसलं तरी उभा राहून एक हाक द्यायचाच.

सकाळी जमलो ते आम्ही चार-पाच बाया अन् तीन म्हातारे. एकाच्या कमरेला डॉक्टरनं दिलेला पट्टा. त्याला पाहून शेजारीण म्हणाली, "काका, आधी तुमालेच उचला लागन." सगळे हसलो. बुढाही हसला.

मग धरलं. पाखं गुडघ्यापर्यंत आलं. एक बाजू वर आली, दुसरी उठेचना. मधला बांबू कडाडला अन् आम्ही खाली ठेवलं. बुढा म्हणाला, अजून एकदा. त्या वेळी पाख्यानं जमीनही सोडली नाही. सगळ्यांनी चहा घेतला, पण कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात पोरानं पुण्याहून फोन करून शेलूबाजारच्या दुकानातून टिनं पाठवली. दोन माणसं मशीन घेऊन आली अन् दुपारपर्यंत ठोकून गेली. कोणालाच बोलवावं लागलं नाही.

पाखं अंगणातच पडून आहे. शेळ्या त्यातलं गवत ओढतात, बुढा हाकलत नाही. टिन तापलं की तो लिंबाखाली जाऊन बसतो. परवा मी म्हटलं, ते मोडू तरी, चुलीले होईन. बुढा म्हणाला, "पाख्याचं जाऊ दे, बुढे. मी मेल्यावर मले उचलाले चार जन भेटतीन का?"

मी मनातल्या मनात आमच्या ओळीतली दारं मोजत गेले. हे बंद, ते बंद, पुढचंही बंद. मग मधेच सोडून दिलं अन् पीठ मळायला घेतलं.