वन्संचा सरळ सूर

आमच्या वन्संना एका जागी बसा म्हणणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाला थांब म्हणणं. चहा पिता पिता उठणार, खिडकी उघडणार, लावणार, परत उघडणार. वर्तमानपत्रसुद्धा फेऱ्या मारत वाचतात. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून मी जरा आवरून बोलते. एरवी माझ्या जिभेला हाड नाही. तरी एखाद्या दिवशी तोंडातून जातंच, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का?"

"तू शिव मुकाट्याने, शिंपीणबाई," त्या म्हणतात.

मी फिल्म स्टुडिओत कपडे शिवते. अंतराळवीरांचे चंदेरी सूट माझ्या हातचे, आणि आत घामाघूम झालेल्या नटांच्या शिव्याही मीच खाते. वन्संचं वाजवणं त्याच स्टुडिओत. पडद्यावर परग्रहावरचं कुणी अवतरलं की जो आवाज अंगावर काटा आणतो, ना धड गळ्याचा, ना धड तारेचा, तो त्यांचा. वाद्याचं नाव थेरेमिन. आम्ही घरात खोकंच म्हणतो. एका बाजूला उभी दांडी, दुसऱ्या बाजूला आडवं कडं, आणि कशालाही हात लावायचा नाही. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, डावा कड्यावरून उचलला की आवाज वाढतो. "तुमची बहीण हवेला गुदगुल्या करून पोट भरते," मी नवऱ्याला चिडवायची.

खोक्याला जवळ आलेलं माणूस कळतं, म्हणून वन्संभोवती खडूचं रिंगण असतं. एकदा एक व्हायोलिनवाला शिंकताना रिंगणात झुकला आणि मंगळाची राणी भलतीच केकाटली. संगीतकाराला ते इतकं आवडलं की त्याने तसंच ठेवलं! "शिंक त्याची, शाबासकी माझी," वन्सं आठवडाभर सांगत होत्या. घरात वाऱ्यासारखी फिरणारी ही बाई खोक्यासमोर मात्र दगडासारखी उभी राहायची.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपात चमचा वाजायचा, मग बटणं मी लावून द्यायला लागले. स्टुडिओत कुणाला पत्ता लागला नाही, कारण भुताखेतांचं आणि परग्रहांचं संगीत थरथरतंच असतं. "बाई, काय कंप आहे!" संगीतकार वाखाणायचा, आणि वन्सं हसून हात पदराखाली घ्यायच्या. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला नकोही होतं. "हे सुटलं तर मी घरात काय करू? भिंती मोजू?" एवढंच एकदा म्हणाल्या, आणि पुन्हा फेऱ्या.

मग एक नवा सिनेमा आला. त्यात यान बंद पडतं आणि एकटा माणूस अंधारात तरंगत राहतो. संगीतकार म्हणाला, "बाई, कंप नको. दोऱ्यासारखा सरळ सूर हवा."

मी सूटची मापं घ्यायला आले होते, टेप गळ्यात तशीच. वन्संनी तीनदा प्रयत्न केला. सूर सरळ होईना. "मशीन बिघडलंय का?" संगीतकाराने विचारलं.

"आज खोक्याला मागे माणूस लागतंय," वन्सं बेधडक म्हणाल्या. "ए, ये इकडे."

विजेचं काही कळत नसल्यामुळे संगीतकाराने मान डोलावली. मी रिंगणात गेले, मागून त्यांचं उजवं कोपर घट्ट धरलं. दोन माणसांमुळे सूर सरकला, तो त्यांनी बटण फिरवून जागेवर आणला. "श्वास रोखून धर," कानाशी पुटपुटल्या. रेकॉर्डिंगचा दिवा लागला. सूर निघाला, आणि तसूभर हलला नाही. माझ्या बोटांना त्यांच्या हाडातली थरथर कळत होती, पण बाहेर काही आलं नाही.

"वा!" संगीतकार काचेआडून ओरडला. "आता तिथूनच हळूहळू वर. अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत."

वर म्हणजे हात पुढे, दांडीकडे. मी धरून ठेवला तर जाणार कसा? दिवा पुन्हा लागला. सूर सुरू झाला आणि तिथेच अडकला. मला सोडवेना. सोडलं की सगळं उघड्यावर येणार होतं.

"सोड," वन्सं म्हणाल्या.

मी नाहीच सोडलं.

"सोड गं!" भर रेकॉर्डिंगमध्ये, सगळ्या वादकांसमोर, मोठ्याने.

मी सोडलं. हात एकटा पुढे गेला आणि खोक्याने सगळं सांगून टाकलं. सूर लटपटत, ठेचकाळत वर चढला. त्या मधेच थांबल्या नाहीत, पार शेवटपर्यंत नेला.

"बाई, तुमचा हात..." संगीतकार बाहेर आला होता.

"गेलाय. वर्ष झालं," वन्सं म्हणाल्या. "पहिला सूर ठेवा, तो चांगला आलाय. वरचा दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्या." आणि त्यांनी स्वतःच खोकं बंद केलं.

तो काहीतरी समजुतीचं बोलत होता, पण मला ऐकूच आलं नाही. मी तिथेच रिंगणात उभी राहून ढसाढसा रडले. लाजलज्जा सोडून, टेप गळ्यात घेऊन.

"वेडी का खुळी तू?" वन्सं म्हणाल्या. "हात माझा गेलाय, आणि रडतेस तू?" त्यांनी डाव्या हातात आपला पदर धरला आणि माझे डोळे पुसले.