अर्धी खूण

जीप उंच करायची खाज मला होती, दादाला नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणावर ढकलायला मला जागा उरणार नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पलटणीत ड्रायव्हर होता. सुटून आला तो लष्कराने मोडीत काढलेली एक जीप घेऊनच, कळंबजवळच्या आमच्या गावी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दादा शेती बघे आणि मी जीप चालवी. माणसं, भाजी, कधी एखादी आजारी शेळी, जे असेल ते कर्जतला न्यायचं आणि परत यायचं.

तिचा पेट्रोलचा काटा कधीच मेला होता. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलायची, झाकण फिरवायचं आणि कळकाची काठी आत सोडायची. काठीवर दादाने चाकूने खुणा पाडल्या होत्या. एक खूण म्हणजे कर्जतला जाऊन येणं. अर्धी म्हणजे नुसतं जाणं. महिनाभर रोज काठी घालून, पुसून, पुन्हा घालून त्याने त्या खुणा नक्की केल्या होत्या. घरचा नियमच होता, जीप सुरू करण्याआधी काठी घालायची आणि खूण मोठ्याने सांगायची. मी ओरडायचो, "दोन!" दादा अंगणातून म्हणायचा, "चल!" काठी न घालता जीप कधी हलली नाही. त्या दिवशीही हलली नाही.

पावसाळ्यात आमच्या वाटेवर जीपचं पोट चिखलाला टेके, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं, की खोपोलीला मी एका कंत्राटदाराची उंच जीप पाहिली आणि माझी झोप उडाली. पंचविशीत माणसाला अक्कल कमी आणि मिशी जास्त असते. मी दादामागे भुणभुण लावली.

तो म्हणाला, "हाय तेवडी उंच बास हाय. पेट्रोल खाईल ती."

"काय नाय खात."

शेवटी कंटाळून म्हणाला, "कर काय करायचं ते. पन पेट्रोल खाल्लं, तर टायर परत."

खोपोलीच्या मिस्त्रीने स्प्रिंगांत जादा पाटे घातले, जीप वीतभर उचलली आणि कुठल्याशा मोठ्या गाडीचे टायर चढवले. पाना पुसत म्हणाला, "चाक मोठं झालं, गिअर तोच राहिला. इंजिनाला ओढायला जड जाणार. पेट्रोल जास्त लागेल, आणि मीटर उलटा कमी दाखवेल. घरी सांगून ठेव." मी मान हलवली आणि घरी येऊन चकार शब्द काढला नाही.

जीप दिसायला राजबिंडी झाली. वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, चढायला खाली पाट ठेवावा लागे. "भावजी, ही जीप हाय का माडी?" असं म्हणून ती हसायची. पण पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मिस्त्री खरं बोलला. जो चढ ती टॉप गिअरमध्ये हसत चढायची, तिथे सेकंड टाकून रेटावं लागे. एका खुणेत होणारं जाणंयेणं सव्वा खूण खाऊ लागलं. दादाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी टायर उतरले असते. मग मी एक डबा आणला. खोपोलीला जाणं झालं की तो भरून घ्यायचा, गोठ्यामागे गोणपाटाखाली ठेवायचा, आणि कर्जतहून आलो की काठी बघून दादाच्या हिशेबाइतकं पेट्रोल गुपचूप टाकीत ओतायचं. दादा काठी घालून बघे आणि म्हणे, "नाय खात रं. तूच खरा." मला त्या वेळी फार गंमत वाटे. 

डबा फक्त वहिनीला माहीत झाला. शेण काढताना तिला तो सापडला. तिने मला बाजूला घेऊन विचारलं आणि मी सगळं कबूल केलं. "तुमचे भाऊ तुमाला उलटं टांगतील," ती म्हणाली आणि गोणपाट पुन्हा नीट पांघरून ठेवलं. तिने माझी चोरी आपली करून घेतली. मी तिचा लाडका होतो.

लावणीच्या दिवसांत, सकाळी नवाच्या सुमारास, बांधावर वहिनीला नाग चावला. दादाने तिला पाठीवर घेऊन अंगणात आणलं. शेजारचे म्हणाले, भगताला बोलवा. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात भगताला थारा नव्हता, आणि दादा तर पलटणीतला माणूस. तो म्हणाला, "कर्जतला दवाखान्यात न्यायची. काठी घाल!"

मी सीट उचलली, काठी घातली. लावणीमुळे दोन दिवस पंपावर जाणं झालं नव्हतं.

"अर्धी!" मी ओरडलो.

"जायला पुरती. येताना भरू," दादा म्हणाला आणि कांबळं आणायला आत धावला.

वहिनी मागच्या बाकावर होती. तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "भावजी, डबा घेतला?"

गोठा वीस पावलांवर होता. डबा काठोकाठ भरलेला होता. पण दादा कुठल्याही क्षणी बाहेर येणार होता, आणि माझ्या हातात डबा बघून विचारणार होता. त्या घटकेलाही मला त्याच्या नजरेची भीती वाटली. आणि वाटलं, पुरेल कदाचित. आजवर कुठे अडलोय.

"घेतला," मी म्हणालो.

मी जीप जीव तोडून हाणली. रस्ता चिखलाचा, चाकं जड, निम्मी वाट सेकंडमध्ये. दहिवलीची घरं समोर दिसत होती, नदीपलीकडे कर्जत. तिथे इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. दादा ओरडला, "काठी घाल!" काठी कोरडी वर आली. त्याने ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "माजी खूण चुकली रं." मग तो दहिवलीकडे धावत सुटला, गाडी आणायला.

मी आणि वहिनी दोघंच राहिलो. तिच्या पापण्या मिटत होत्या, त्या ती जोर लावून उघडत होती.

"डबा?" तिने विचारलं.

"नाय घेतला, वहिनी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. जड जिभेने म्हणाली, "आता नका सांगू त्यांना. मी बरी झाली का मीच सांगन."

टेंपो यायला अर्धा तास गेला. दवाखान्याच्या दारातच तिचा जीव गेला. डॉक्टरांनी उशिराबद्दल काही म्हटलं नाही. ते मीच म्हणत आलोय, तेव्हापासून रोज.

दादाने जीपला पुन्हा हात लावला नाही. ती अंगणात उभी राहून गंजली. तिच्या त्या उंच पोटाखाली कोंबड्या बसू लागल्या. काठी मात्र त्याने जपली. भर दुपारी तो पाण्याने भरलेल्या हंड्यात ती सोडायचा, बाहेर काढून नखाने खुणा चाचपायचा, पुसायचा, पुन्हा सोडायचा. मी ओसरीवर बसून ते बघायचो. शेजारी म्हणत, बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलं. डोकं मुळीच फिरलं नव्हतं. तो चूक शोधत होता, आणि ती त्या काठीत नव्हती.

आठ-नऊ वर्षांनी दादा अंथरुणाला खिळला. एका सकाळी मी त्याला पेज भरवत होतो. काठी उशाशीच होती. त्याने ती उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू तर रोज घालायचास. खरं सांग, अर्ध्याची खूण कुटं चुकली असंल माजी?"

सांगायला वहिनी नव्हती. मी होतो. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, पेजेचा चमचा माझ्या हातात थांबला होता. मी ती खूण अंगठ्याने चाचपली, बरोबर होती ती, आणि म्हणालो, "थोडीशीच चुकली असंल, दादा."