सामूगढला हत्ती अडला

वालूरच्या शाळेत सातवीचा इतिहास मीच शिकवायचे. मग नवे सर आले. मुख्याध्यापकांनी तो विषय त्यांना दिला आणि मला भूगोल. माझी लेक त्याच वर्गात. रोज जेवताना तिचं एकच, "मम्मी, सर लय भारी शिकवायलेत." मी तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटायचे.

भिंतीपलीकडून त्यांच्या तासाचा हशा ऐकू यायचा. नद्यांची नावं म्हणता म्हणता माझा वर्ग तिकडं कान लावायचा. मीही लावायचे.

स्नेहसंमेलनात सरांनी सामूगढची लढाई बसवली. बादशहा आजारी पडतो आणि त्याची पोरं तख्तासाठी एकमेकांवर उठतात. ऐन लढाईत एका सरदाराच्या सांगण्यावरून थोरला शहजादा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतो. अंबारी रिकामी दिसताच फौजेला वाटतं, तो मेला. सगळे पळत सुटतात. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आले होते, पण खडू हातात धरून. सरांनी हातगाडीवर करडं घोंगडं टाकलं, पुढं सायकलच्या ट्यूबची सोंड लावली आणि वर माझ्या लेकीला बसवलं. थोरला शहजादा म्हणून!

संमेलनात सरदार झालेली मुलगी म्हणाली, "शहजादे, खाली या."

लेक हलेना. "मी न्हाई उतरत. मी उतरले की आपले सगळे पळतेत."

मांडवात शिट्ट्या पडल्या. समोरची धाकट्या भावाची फौज तलवारी खाली घालून बघत राहिली. सर पडद्याआडून खुणा करून दमले आणि माझ्याकडं आले. घामाघूम झाले होते. "मॅडम, तुमीच सांगा. माझं ऐकंना."

काय बरं वाटलं मला ते ऐकून!

पदर खोचून मी स्टेजवर गेले. "शहजादे, उंचावर सगळ्यांना दिसायलात. गोळा लागंल. घोड्यावर या."

ती वाकून कुजबुजली, "मम्मी, मग मी हरते ना?"

"हो बाळा. हरतेस."

ती उतरली. फौज अशी पळाली की एका बाजूची कनातच पडली.

शाल सरांना मिळाली. मुख्याध्यापक माईकवर म्हणाले, "शहजाद्याचा हट्ट आणि मधेच आईला आणणं, काय डोकं लावलंय सरांनी!" सर म्हणाले, "ते मॅडमचं हाय, माझं न्हाई." टाळ्यांमध्ये ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. त्यानं माझी जळजळ उलट वाढली, कारण आता त्यांच्यावर धड चिडताही येईना.

घरी जाताना स्कुटीवर मागून लेकीनं विचारलं, "मम्मी, शहजाद्याला उतरवणारा सरदार फितूर होता का?"

"काही जण तसं म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"बरं, मग मी उद्या सरांना विचारते."

यंदा ती आठवीत गेली. तिथंही इतिहास सरांकडंच आहे.